कापलेला फोटो

माझा मोठा भाऊ गवंडी आहे. गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्याचा उजवा पाय मोडला. ज्यांनी मोडला त्यांच्यावर खटला चालू आहे आणि त्यांची नावं गावात सगळ्यांना माहीत आहेत. ती मला इथं लिहायची नाहीत. त्या माराला माझा हात कसा लागला, एवढंच लिहायचं आहे.

आमचं गाव केजहून नांदूरघाटकडे जाताना लागतं. विहाराच्या मागं आमची गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला दादाचं आणि माझं घर. मधे एकच भिंत, तीही दादानंच बांधलेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दादाचा एकुलता मुलगा नर्सिंग शिकला आणि वेल्सला गेला. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात तो हाडांच्या वॉर्डात काम करतो.

सुरुवातीला दादा विचारायचा, "वेल्स म्हंजी इंग्लंडच का?"

पुतण्या फोनवर वैतागायचा. "पप्पा, हितल्या माणसाला इंग्लंडवाला म्हणलं की तो लई चिडतो. केजच्या माणसाला पुण्याचा म्हणल्यावानी."

"केजवाला कावून चिडंल बे? खूश हुईल की."

त्या लोकांची भाषा वेगळी आहे, ती मरू नये म्हणून त्यांची धडपड चालते, रस्त्यावरच्या पाट्यांवर आधी त्यांची भाषा आणि मग इंग्रजी असते, असं पुतण्या सांगायचा. डांबरावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'अराफ' लिहिलेलं असतं. अराफ म्हणजे हळू. दादाला तो शब्द फार आवडला. मी मोटारसायकल काढली की तो ओट्यावरून ओरडायचा, "मास्तर, अराफ!" गल्लीतली माणसं हसायची.

दादाचा फोन मी चालवायचो. ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे म्हणून सांगतो. आयुष्यभर सिमेंटमध्ये हात घालून दादाच्या बोटांची कातडी गेली आहे. रेशन दुकानातल्या मशीनवर त्याचा अंगठा उमटत नाही, तिथं वहिनीला जावं लागतं. फोनच्या काचेलाही त्याची बोटं कळत नाहीत. करंगळीच्या कडेनं तो कसाबसा फोन उचलायचा, बाकी काही जमायचं नाही. रोज संध्याकाळी शाळेतून आलो, चहा झाला की मी त्याच्या ओट्यावर बसायचो, मुलाचे निरोप वाचून दाखवायचो आणि दादा बोलेल ते टाइप करायचो. माझ्या हातात तो फोन द्यायचा तेव्हा कधी विचारायचा नाही की काय करतोस.

यंदा वेल्सची निवडणूक आणि आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक एकत्रच आली. पुतण्या तिथला नागरिक नाही, तरी तिथल्या विधानसभेला त्याला मत देता येतं हे ऐकून आम्ही चकित झालो. कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते मत देऊ देतात. त्यानं तिथं एका पक्षाचं काम करायला सुरुवात केली. ड्यूटी संपली की दारोदार पत्रकं वाटायचा. या वेळी माणसाच्या नावापुढं नाही, पक्षाच्या नावापुढं फुली मारायची होती.

"म्हंजी आपल्या पॅनलवानी," दादा म्हणाला.

"तसंच समजा. हितं एकच पक्ष पिढ्यान्‌पिढ्या वर हाय. आता लोक कंटाळलेत. दवाखान्यात तारीख मिळत न्हाई, पोलादाच्या भट्ट्या बंद पडल्या, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीत येऊन गेले. ह्या बारीला पाया हलणार, असं सगळे म्हणतेत."

वहिनी चुलीपुढून ऐकत होती. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या लोकाचा पाया हलतो तर आपल्या भट्टीवाल्याचा का हलंना?"

भट्टीवाला म्हणजे आमच्या गावचा विटभट्टीचा मालक. ग्रामपंचायत कितीतरी वर्षं त्याच्या पॅनलची. आमच्या वॉर्डातली बाईची जागा राखीव होती, तिथंही तो आपल्या कामावरची एखादी बाई उभी करायचा आणि तिच्या सह्या घरी मागवून घ्यायचा. या वेळी वहिनीनं विरोधी पॅनलकडून अर्ज भरला. वेल्समुळे भरला असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी ती जे बोलली ते मी ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ती केजला तहसीलमध्ये गेली.

मग सुरू झालं. आधी आमच्या पॅनलच्या प्रचाराच्या रिक्षावरचा भोंगा उपसून काढला आणि त्याच भोंग्यानं चालवणाऱ्याचं तोंड फोडलं. त्याचे पुढचे दात गेले. तक्रार घेऊन गेला तर भावकीनंच त्याला परत आणलं. मग माझ्या मेहुण्याची कडब्याची गंजी पेटली. आम्ही घागरी घेऊन पळालो, पण कडबा काय विझतो? शेजारच्या गोठ्यात बांधलेल्या गाईचं एक अंग भाजलं. ती रात्रभर ओरडत होती आणि सकाळी तिला मारावं लागलं. दादानं कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूनं, तुंब्यानं मारली, कारण दुसऱ्या कुणाचा हात उठेना. हात धुताना तो मला म्हणाला, "मास्तर, हे माणसावर येनार."

त्याच आठवड्यात पुतण्याचा फोन आला. पत्रक टाकताना दाराच्या फटीतून कुत्र्यानं त्याची बोटं धरली होती. पट्टी बांधलेला हात त्यानं दाखवला.

दादा खो खो हसला. "कुत्रं चावलं? निवडणुकीत? एवढंच?"

"एवढंच न्हाई, पप्पा." पुतण्यानं पट्टीचा हात खाली घेतला. "एकानं ढकललं. मी पडलो. तुझ्या देशात जा म्हणला, आणि पत्रकं बुटाखाली चिरडली. त्याची बायको दारात उभी होती, ती कायबी बोलली न्हाई."

दादाचं हसू थांबलं. "मग तू काय केलं?"

"उठलो. त्याच्या पुढच्या घरात पत्रक टाकलं."

"बरुबर केलं," दादा म्हणाला. मला आठवतं, तेव्हा मला पुतण्याचा हेवा वाटला होता. मी आयुष्यात कुणी ढकलल्यावर उठून पुढच्या घरी गेलेलो नाही. घरी येऊन कुढत बसणारा माणूस मी.

मतदानाच्या दिवशी मी धारूरकडच्या एका गावात निवडणुकीच्या कामावर होतो. आमच्या गावात केंद्राबाहेर दगडफेक झाली आणि वहिनीच्या कपाळाला लागलं. पदरानं डोकं बांधून ती संध्याकाळपर्यंत केंद्रासमोर उभी राहिली. पुतण्याचंही मत त्याच दिवशी होतं. दादानं त्याला बोट दाखवायला सांगितलं, तर बोट कोरं.

"शाई न्हाई? मग मत दिलं कशावरून?"

"हितं शाई लावत न्हाईत. कार्डबी मागितलं न्हाई. नाव सांगितलं, कागुद दिला, पेन्सिल दोरीला बांधलेली हुती."

"आपल्याकडं असं केलं तर मसणातली माणसं रांगंत उभी ऱ्हातील," दादा म्हणाला, आणि डोक्याला पट्टी बांधलेली वहिनीसुद्धा हसली.

आता मी ज्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत होतो तो दिवस. मतदान झालं होतं, मोजणी दुसऱ्या दिवशी केजला होती. सकाळी मी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो. भट्टीवाला तिथं त्याच्या माणसांसोबत बसला होता. मी मान खाली घालून कोपऱ्यात बसलो, तर त्यानं हाक मारली.

"मास्तर, वैनी निवडून आल्यावर पेढे देनार का न्हाई?"

मी हसलो. काय करणार होतो?

"पेढे ऱ्हाऊ द्या. तिला सांगा, ग्रामपंचायतीत येताना झाडू घेऊन ये. हापिस लई घाण झालंय. तुमच्या लोकांचा हात त्याला चांगला बसतो."

सगळे हसले. हॉटेलवाल्यानं पाठ फिरवली. मी चहाचा ग्लास ठेवला, अर्धाच प्यालो होतो, आणि उठताना मी त्याला हात जोडून नमस्कार केला. सवयीनं. रस्त्यावर आल्यावर मला कळलं मी काय केलं. दिवसभर शाळेत मी मुलांवर ओरडत होतो.

संध्याकाळी दादाच्या ओट्यावर बसलो. दादा विहाराकडे गेला होता, फोन माझ्याकडं देऊन. पुतण्याचा निरोप आला. त्याचा पक्ष त्यांच्या भागात जिंकला होता. फोटोत एका हॉलच्या बाहेर रस्त्यावर सात-आठ माणसं उभी होती, म्हाताऱ्या बाया, एक दाढीवाला तरुण, एकाच्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत फीत. मागं दोन भाषांतली पाटी. पायाखाली डांबरावर पांढऱ्या अक्षरांत ते 'अराफ'. आणि मधोमध आमचा पोरगा, एप्रिलमधल्या जयंतीची उरलेली नीळ कपाळाला फासून, मूठ वर करून. खाली त्यानं लिहिलं होतं, "गुलाल आपलाच, पप्पा!"

मी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग मी फोटोच्या चारी बाजू आत ओढल्या. म्हाताऱ्या बाया गेल्या, कुत्रं गेलं, पाटी गेली, रस्ता गेला. उरला फक्त निळा माखलेला चेहरा आणि मूठ. आणि वर मी लिहिलं, "गुलाल आपलाच. उद्या तोंड लपवायला जागा शोधून ठेवा." ते मी दादाच्या फोनवर स्टेटसला लावलं.

माझ्या फोनवर नाही. मी सरकारी नोकर, माझ्या फोनवर असलं काही लावता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. भट्टीवाल्याची माणसं दादाचा स्टेटस बघतात हेही माहीत होतं, कारण दादा त्यांच्याकडून विटा घ्यायचा. आमच्या भागात मोजणीच्या आदल्या दिवशी गुलालाचं नाव काढणं म्हणजे काय, हे मी चौथीच्या मुलालाही समजावून सांगू शकलो असतो. त्यात निळा. मी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि दादा आल्यावर त्याला मुलाचा पक्ष जिंकल्याचं सांगितलं. मूळ फोटो दाखवला. तो म्हणाला, "कुत्रंबी आलंय बघ फोटोत. तेच चावलं आसंल." मी त्याच्याबरोबर हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी निवडून आली. थोड्याच मतांनी, पण आली. आणि भट्टीवाल्याचं पॅनल हरलं, एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा. वहिनी आणि गल्लीतली बरीच माणसं, माझी बायको-मुलीसुद्धा, केजहून जीपनं निघाली होती. गल्लीत म्हातारी माणसं होती, दादा होता आणि मी होतो.

ट्रॅक्टरचा आवाज आधी आला. मी माझ्या अंगणात होतो. ट्रॉलीत उभी माणसं दिसली, हातात टिकावाचे दांडे, सळया, एकाच्या हातात विटा पाडायचा लोखंडी साचा. मला पळायला वेळ होता. मी न्हाणीत शिरलो आणि आतून कडी लावली. न्हाणीचं दार पत्र्याचं, त्याला खिळ्याचं भोक. त्या भोकातून दादाचा ओटा समोर दिसतो.

त्यांनी आधी घराची मंगळोरी कौलं फोडली. मग दाराशेजारचा पाण्याचा हौद. दादा बाहेर आला. त्याच्या हातात काहीच नव्हतं. तो म्हणाला, "काय झालं, बसून बोला की." पहिला दांडा त्याच्या दंडावर बसला. तो आवाज मी कधी विसरणार नाही, ओलं लाकूड फोडल्यासारखा. त्याला खाली पाडला. भट्टीवाल्याच्या पोरानं खिशातून फोन काढला आणि दादाच्या डोळ्यांपुढं धरला.

"हे काय हाय बे? कुणाचा गुलाल? कुणी तोंड लपवायचं?"

दादानं फोनकडं पाहिलं. त्याला तो कापलेला फोटो आधी दिसलाच नव्हता. त्याचा मुलगा एकटाच, निळ्या कपाळाचा, आणि वर ती ओळ. मी भोकातून त्याचा चेहरा पाहत होतो. त्याला वाचायला वेळ लागला, सावकाश वाचतो तो. मग त्यानं मान वळवली आणि माझ्या न्हाणीच्या दाराकडं पाहिलं. सरळ त्या भोकाकडं. मला वाटलं, आता तो माझं नाव घेणार.

"माझा फोन हाय," तो म्हणाला. "मीच ठिवलं."

मग त्यांनी त्याचा पाय ओट्याच्या कडेवर आडवा ठेवला. एकानं गुडघा दाबून धरला, दुसऱ्यानं साचा उचलला. हाड मोडल्याचा आवाज आला नाही, दादाचाच आवाज आला. त्यानं आईला हाक मारली. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिसऱ्यांदा साचा पडला तेव्हा तो गप्प झाला होता आणि त्याचं तोंड उघडंच होतं. एकजण त्याच्या तोंडात थुंकला. मी न्हाणीत खाली बसलो आणि दोन्ही हातांनी कान दाबले. पत्र्याच्या दाराला माझी पाठ लागून ते हलत होतं, मी थरथरत होतो म्हणून. कुणी ऐकलं असतं तर मीही मेलो असतो. कुणी ऐकलं नाही.

ते गेल्यावर मी बाहेर आलो. तेवढ्यात जीप आली. वहिनीच्या गळ्यात हार होता. तिनं हार काढून दादाच्या पायाला बांधला, रक्त थांबवायला.  "धरा," एवढंच म्हणाली, आणि आम्ही दादाला जीपमध्ये घातलं.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचवला. गुन्हा दाखल झाला, ॲट्रॉसिटीसह. दुसऱ्याच दिवशी उलटी तक्रार आली. दादानं फोनवरून धमकी दिली, समाजात तेढ माजवणारा मजकूर लावला, त्यामुळे वाद झाला, अशी. जबाब घ्यायला फौजदार वॉर्डात आले. दादा पडल्या पडल्या म्हणाला, "स्टेटस मीच ठिवलं, साहेब." मी सलाईनच्या स्टँडशेजारी उभा होतो. खाली बघत होतो.

मग मध्यस्थ येऊ लागले. सगळ्यांची भाषा एकच. "दोन्हीकडून केस हाय. तुमच्यावर बी गुन्हा हाय. तुमी मागं घ्या, ते मागं घेतेत. मिटवून टाका." वहिनी मागं घ्यायला तयार नव्हती. दादा डळमळू लागला होता. पायापेक्षा त्याला जेलची भीती वाटत होती. जन्मात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस तो. त्याच्यावरची तक्रार टिकली तर ती वहिनीच्या केसच्या गळ्यात बांधलेला दगड होणार होती. ही तक्रार माझ्या एका वाक्यावर उभी होती, आणि ते वाक्य माझं आहे हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं, असं मला वाटायचं.

एकदा वॉर्डात दुसरं कुणी नसताना मी दादाला म्हणालो, "दादा, मी सांगून टाकतो."

"गप बस." त्यानं डोळे उघडले नाहीत. "तुझी नौकरी जाईल. तू निवडणुकीच्या कामावर हुतास. पोरींचं शिक्षण हाय. माझा पाय गेलाच, आता तुझी नौकरी कशाला?"

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात होतो. तो तीन दिवस रडून मोकळा झाला होता, आता त्याचा आवाज कोरडा होता. आधी तो तिथलं सांगू लागला. मोजणीच्या हॉलमध्ये त्यांच्याविरुद्ध हरलेला माणूस स्टेजवर आला, जिंकलेल्यांशी हात मिळवला, आपल्या कार्यकर्त्यांचे आभार मानले आणि घरी गेला. सगळेच असे सभ्य नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसच्या काचेवर कुणी घाण लिहून गेलं. पण पाय कुणाचा मोडला नाही. मग तो म्हणाला, "काका, माझ्याकडं पूर्ण फोटो हाय. तारीख-वेळेसकट. फौजदाराला पाठवतो. बघा म्हणावं, हे वेल्सच्या निवडणुकीचं हाय, तुमच्या गावाचं न्हाई."

"पाठव की," मी म्हणालो. 

"पाठवीन. पन मग ते ईचारतील, फोटो कापला कुणी?"

मी कडेला सरकलो. जिन्यातून कुणीतरी स्ट्रेचर वर नेत होतं.

"काका, पप्पांचं बोट काचंवर उमटत न्हाई. आनं पप्पा 'शोधून ठेवा' लिहीत न्हाईत. 'हुडकून ठिवा' लिहितील. त्यांचे सगळे निरोप तुमीच टाइप करता, पन ते सांगतात तसंच टाइप करता. एवढी वर्षं मी वाचतोय." मग तो म्हणाला, "मारनाऱ्यानं मारलं, त्याला तुमी जबाबदार न्हाई. फोटो लावनं काय गुन्हा न्हाई. पन तुमी माझ्या तोंडाचा वापर केला आनं पप्पांचा फोन वापरला. आनं आता पप्पा 'मीच ठिवलं' म्हणतेत आनं तुमी ऐकताय."

"मग तू पाठव," मी म्हणालो.

"न्हाई. मी न्हाई पाठवनार. तुमी सांगा."

त्यानं फोन ठेवला. त्या पोराला मी मांडीवर बसवून बाराखडी शिकवली होती.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. हेही लिहिलं पाहिजे. मी शाळेत गेलो, हजेरी घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी म्हणाली की मध्यस्थ पुन्हा येणार आहेत आणि दादा आता मागं घ्यायला तयार झाला आहे. ती माझ्याकडं पाहत नव्हती, तवा खरडत होती. मी मोटारसायकल काढली. गल्लीतून जाताना 'अराफ' म्हणणारं कुणी नव्हतं.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी मला बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. हॉटेलमधल्या नमस्कारापासून न्हाणीच्या दारापर्यंत. ते ऐकत राहिले.

"मास्तर, तुम्ही शासकीय सेवेत आहात. निवडणूक कर्मचारी होतात. याचा अर्थ कळतो ना?"

"कळतो."

"तुमचा भाऊ लिहून देऊन बसलाय, मीच ठेवलं म्हणून. तुम्ही घरी जा, उद्या या. झोपून बघा."

"झोपच येत नाही साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मला माझ्याच हातानं लिहू दिलं. हवालदारानं कागद उचलून पाहिला. "काय अक्षर हाय, मास्तर! छापल्यावानी. जबाब कोनी असा लिहितं का?" मी परत वाचलं. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे जागच्या जागी होते. त्या दिवशीच्या स्टेटसमध्येही होते.

मी तिथूनच पुतण्याला निरोप टाकला, पूर्ण फोटो पाठव म्हणून. त्यानं लगेच पाठवला, ठाण्याच्या मेलवर. बाकी काही लिहिलं नाही.

मी निलंबित झालो. माझ्यावर ती तक्रार आता आहे, तिचं काय व्हायचं ते होईल. दादाचं नाव तिच्यातून निघालं. मध्यस्थांचं येणं बंद झालं, कारण आता देवाणघेवाणीला त्यांच्याकडं काही उरलं नाही. दादा-वहिनींची केस उभी आहे. वहिनी ग्रामपंचायतीत जाते. पहिल्या दिवशी तिच्या खुर्चीवर कुणीतरी झाडू ठेवला होता. तिनं तो शिपायाच्या हातात दिला आणि बसली.

दादा घरी आला त्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. तो बाजेवर होता, पाय उशीवर. माझी बायको आणि मुली बाहेरच थांबल्या. मला वाटत होतं, तो रडेल किंवा मला जवळ घेईल. मी असं का समजत होतो कोण जाणे.

"निलंबन आलं म्हणं?" तो म्हणाला.

"हो."

"मी काय म्हणलो हुतो?"

"दादा, तुला जेलमध्ये—"

"मला काय बी झालं नसतं. लई झालं असतं तर सहा महिनं जेल. मी पाय दिला, कशापायी दिला? त्या पत्र्याच्या दारामागं तू हुतास म्हणून दिला. मी नाव घेतलं असतं तर ते दार फोडायला कितीक येळ लागला असता? तेवढं एक माझ्याकडं हुतं, की बारका वाचला, त्याची नौकरी वाचली. तेबी तू जाऊन लिहून आलास. सुवाच्य अक्षरात." मग त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. ती भिंत, त्यानंच बांधलेली. "जा आता."

मी माफी मागितली.  त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. वहिनी बोलते, कामापुरतं. मी चुकलो की बरोबर केलं, हे आता मला दादाकडून कधी कळणार नाही. आणि दुसऱ्या कुणाकडून मला ते ऐकायचं नाही.

त्याचा फोन आता वहिनी चालवते. ग्रामपंचायतीत गेल्यापासून तिला टाइप करायला लागतं, ती शिकली. संध्याकाळी चहाच्या वेळी भिंतीपलीकडून दादाचा आवाज ऐकू येतो, तो सांगत असतो आणि ती एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करत असते. "हा कुठला 'श', वो?" असं विचारते. दादा चिडतो. मी माझ्या ओट्यावर बसून ऐकतो.

गेल्या रविवारी दादाच्या फोनवर स्टेटस लागला. तोच फोटो, पूर्ण. म्हाताऱ्या बाया, दाढीवाला, कुत्रं, दोन भाषांची पाटी, डांबरावरची पांढरी अक्षरं आणि मधे निळ्या कपाळाचं आमचं पोरगं. वर वहिनीनं लिहिलं होतं, "माजा पोर्गा. वेल्स."

मी तो उघडून पाहिला. पाहणाऱ्यांच्या नावांत माझं नाव आता तिकडं गेलं असणार. वहिनी त्याला ती नावं वाचून दाखवते की नाही, मला माहीत नाही.